एकखांबी अतिहलका तंबू : निवड, उभारणी आणि छत्तीसगढची जमीन

प्रश्नाचे स्वरूप

अन्न, पाणी आणि इंधन वगळता सॅकमध्ये जे सामान उरते त्याच्या वजनाला पायी भटकणाऱ्यांच्या परिभाषेत मूळ वजन म्हणतात, आणि हे मूळ वजन साडेचार किलोच्या आत ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्या पद्धतीला अल्ट्रालाइट म्हणजे अतिहलकी पदभ्रमंती हे नाव रूढ झाले आहे. या पद्धतीत काटछाटीची सुरुवात नेहमी तीन जिनसांपासून होते : सॅक, अंथरूण-पांघरूण आणि निवारा. यांपैकी निवाऱ्याच्या बाबतीत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे पर्याय पुढे आले त्यांत पिरॅमिड तंबूने सर्वांत दीर्घकाळ आपले स्थान टिकवले आहे. चौरस किंवा आयताकृती तळ, शिखराकडे निमुळत्या होत जाणाऱ्या चार बाजू, मधोमध एकच खांब आणि कडेने मेखा, एवढीच त्याची रचना असून मूळ स्वरूपात त्याला जमिनीवरचा तळ नसतो. चालताना हातात असलेली ट्रेकिंगची काठीच रात्री खांब म्हणून वापरली जात असल्याने खांबाचे वेगळे वजनही वाहावे लागत नाही.

असा तंबू कोणता घ्यावा आणि तो कसा उभारावा, याविषयीचे बहुतेक लिखाण अमेरिकेतील, स्कॉटलंडमधील किंवा स्कँडिनेव्हियातील अनुभवावर आधारलेले आहे, आणि त्यातील सल्ले मध्य भारतात जसेच्या तसे लागू पडतातच असे नाही. दुर्ग-भिलाईहून बाहेर पडणाऱ्या पदयात्रीपुढे साधारणपणे दोन प्रकारच्या रात्री असतात. एक रात्र मैकल डोंगररांगेतील चिल्फी घाटाच्या परिसरात, दल्ली-राजहराच्या लोहखनिजाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी किंवा बस्तरच्या सालवनात थंडीच्या दिवसांत काढायची असते, तर दुसरी दुर्ग स्थानकावरून गाडी पकडून गाठलेल्या हिमालयात. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून येऊन भिलाईत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील तरुणांना तिसरी रात्रही परिचित असते, ती सह्याद्रीतील किल्ल्यांवरची. पण तेथे लेणी, गुहा आणि देवळांच्या पडव्या असल्याने तंबूची गरज कमी भासते. एकाच निवाऱ्याने या भिन्न गरजा भागतील का, आणि भागणार नसतील तर कोणत्या गरजेला अग्रक्रम द्यावा, हा या आढाव्याचा विषय आहे.

पार्श्वभूमी

खांब आणि कापड यांवर उभा राहणारा उतरत्या बाजूंचा निवारा भारतीय उपखंडाला नवा नाही. मराठी फौजांच्या छावण्यांत सरदारांचे डेरे उभे असत तसेच शिपायांच्या राहुट्या आणि पालेही पडत, आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ नंतर ज्या वाटेने रतनपूर आणि पुढे बंगालकडे गेल्या ती वाट याच छत्तीसगढच्या मैदानातून जाते. सुती जाड कापडाच्या या निवाऱ्यांचे ओझे बैल आणि उंट वाहत असल्याने त्यांच्या वजनाचा प्रश्न कधी कळीचा झाला नाही. अमेरिकेत हेन्री सिबली या लष्करी अधिकाऱ्याने १८५६ साली पेटंट घेतलेला शंक्वाकृती एकखांबी तंबू याच वर्गातला होता.

वजनाची जाणीव गिर्यारोहणाने आणली. १८९५ मध्ये नंगा पर्वतावर प्राणाला मुकलेल्या आल्बर्ट ममरी याच्या नावाने ओळखला जाणारा छोटा तंबू बर्फाच्या कुऱ्हाडींच्या आधाराने उभा केला जाई. हाताशी असलेल्या साधनालाच खांब बनवण्याची युक्ती त्यात दिसते आणि आजच्या ट्रेकिंगच्या काठीमागेही तोच विचार आहे. ध्रुवीय प्रदेशात मात्र अनेक खांबांचा, शिखराशी एकत्र येणारा जड तंबू टिकून राहिला. स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतील अशा तंबूंना बांबूचे खांब होते, आणि अंटार्क्टिकातील प्रवासी तुकड्या आजही चार खांबांचा पिरॅमिड वापरतात, कारण वाऱ्यापुढे त्याच्या उतरत्या बाजूंइतका भरवसा दुसऱ्या आकाराने क्वचितच दिला आहे.

आधुनिक एकखांबी पिरॅमिड इव्हाँ शुइनार्ड यांच्या गिर्यारोहण साहित्याच्या कंपनीतून आणि १९८९ मध्ये तिच्या जागी उभ्या राहिलेल्या ब्लॅक डायमंडच्या ‘मेगामिड’ या तंबूमुळे लोकप्रिय झाला. याच सुमारास रे जार्डिन यांनी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या सुमारे ४,२७० किलोमीटरच्या वाटेवरील अनुभवातून १९९२ साली लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकात तंबूऐवजी साध्या छताचा, म्हणजे टार्पचा, पुरस्कार केला आणि हलक्या सामानाच्या विचाराला चळवळीचे रूप आले. पुढे माउंटन लॉरेल डिझाइन्स, हायपरलाइट माउंटन गिअर, जपानमधील लोकस गिअर अशा लहान उत्पादकांनी पिरॅमिडचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणून ठेवले. भारतातील बाजारपेठ या स्पर्धेपासून बरीच दूर राहिली असली, तरी डेकॅथलॉनसारख्या साखळी दुकानांमुळे काठीवर उभे राहणारे तंबू येथील ग्राहकाच्या नजरेत आले आहेत.

आकार आणि त्याचे गणित

पिरॅमिडची निवड करताना जाहिरातीतील तळाच्या मापावर विसंबून राहणे ही सर्वांत सामान्य चूक असून तिचे कारण भूमितीत आहे. तळ २७० सेंटीमीटर चौरस आणि शिखराची उंची १४५ सेंटीमीटर असेल, तर जमिनीवर भरपूर जागा दिसते. परंतु झोपलेल्या माणसाचा चेहरा आणि स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग जमिनीपासून सुमारे ३० सेंटीमीटर उंचीवर असतो आणि त्या उंचीवर आतली लांबी २१४ सेंटीमीटरच उरते. सहा फूट म्हणजे १८३ सेंटीमीटर उंचीच्या माणसाला दोन्ही टोकांस जेमतेम पंधरा सेंटीमीटर मोकळे मिळतात, आणि आतल्या बाजूस साचलेल्या दवाने ओले झालेले कापड स्लीपिंग बॅगला लागू नये एवढाच त्या अंतराचा उपयोग. तळ २४० सेंटीमीटरचा असेल तर हेच माप १९० पर्यंत उतरते, म्हणजे उंच माणसाला तो तंबू तिरका झोपूनच वापरावा लागतो.

उंची वाढवली की बाजू अधिक उभ्या होतात, आतली जागा वाढते आणि बर्फ घसरून पडतो. उंची कमी केली की वारा सहज वरून निघून जातो. हिमालयात जाणाऱ्यांनी उंच, तर उघड्या पठारावर मुक्काम करणाऱ्यांनी ठेंगणा आकार घ्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. मैकल आणि बस्तरच्या थंडीतील रात्री बहुधा वाऱ्याविना जातात, त्यामुळे येथील पदयात्रीला ठेंगण्या आकाराचा लाभ फारसा नाही. एप्रिल-मेमधील वादळी अंधड हा अपवाद. पण त्या दिवसांत विजा कोसळण्याचा धोका एवढा असतो की कोणताही तंबू, विशेषतः धातूचा खांब असलेला, निवारा मानू नये.

कापडाविषयीचे मतभेद

कापडाचा जाडपणा डेनियर या एककात सांगतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनियर. अतिहलक्या तंबूंत दहा ते चाळीस डेनियरचे धागे वापरतात. पाणी रोखण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये देतात, म्हणजे कापडावर किती उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला असता ते झिरपू लागते हे मोजतात, आणि दीड ते तीन हजारांचा आकडा या वर्गात समाधानकारक समजला जातो.

वर मांडलेल्या २७० सेंटीमीटर चौरस आणि १४५ सेंटीमीटर उंच पिरॅमिडच्या चार त्रिकोणांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १०.७ चौरस मीटर भरते. सिलिकॉनचा लेप दिलेले तीस डेनियरचे नायलॉन चौरस मीटरला ४७ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणून नुसते कापड अर्धा किलो होते. डायनीमा कंपोझिट हे न विणलेले, पातळ पापुद्र्यांच्या मध्ये अतिबळकट तंतू चिकटवलेले कापड चौरस मीटरला २५ ग्रॅमचे घेतले तर तेच वजन २७० ग्रॅमवर येते. उलट बाजारातील ९० ग्रॅमच्या ताडपत्रीचा असा तंबू शिवला तर कापडच साडेनऊशे ग्रॅमच्या पुढे जाते. निवडीची सारी चर्चा या तीन आकड्यांच्या मध्ये फिरते.

नायलॉनच्या बाजूने बोलणारे त्याच्या फाटण्याविरुद्धच्या ताकदीवर भर देतात. हा धागा ताणला जातो आणि ताण सोसून पुन्हा आखडतो, त्यामुळे झोडपणाऱ्या वाऱ्यात शिलाई उसवण्याचा संभव कमी होतो. त्याचा दोष असा की नायलॉन पाणी शोषून लांबते, आणि संध्याकाळी ताठ उभा केलेला तंबू मध्यरात्री दवाने ओला होऊन झोळीसारखा लोंबू लागतो. पॉलिस्टरचा पक्ष घेणाऱ्यांच्या मते हा दोष इतका त्रासदायक आहे की ताकदीत थोडी घट पत्करूनही सिलिकॉन-लेपित पॉलिस्टरच घ्यावे, कारण ते पाणी जवळजवळ शोषत नाही आणि उन्हातील अतिनील किरणांपुढेही अधिक टिकते. तिसरा पक्ष डायनीमाचा. या कापडाची वंशावळ १९९२ ची अमेरिका कप शर्यत जिंकणाऱ्या ‘अमेरिका क्यूब्ड’ या नौकेच्या शिडाशी जोडलेली आहे, आणि ‘क्यूबेन फायबर’ हे त्याचे जुने नाव त्यावरूनच आले. ते न ताणणारे, पाणी न शोषणारे आणि सर्वांत हलके असले, तरी घासण्याने व टोचण्याने लवकर खराब होते, त्याची घडी मोठी होते आणि त्यातील तंतू दीडशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळतात. शिवाय भारतात ते आयातच करावे लागते, त्यावर सीमाशुल्क आणि वाहतूक चढते व किंमत कित्येक पटींनी वाढते.

मध्य भारतातील हवेच्या संदर्भात एका मुद्द्याला पाश्चात्त्य चर्चेत मिळते त्यापेक्षा अधिक वजन द्यायला हवे. स्वस्त तंबूंच्या आतल्या बाजूस पॉलियुरेथेनचा लेप असतो आणि उष्णता व दमटपणा एकत्र आल्यावर त्या लेपाचे रासायनिक विघटन होते. क्वार्टरच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेला असा तंबू ४५ अंशांच्या उन्हाळ्यातून आणि मागोमाग येणाऱ्या पावसाळ्यातून दोन-तीन वेळा गेला, की उघडताना तो चिकट लागतो, आंबूस वास मारतो आणि लेपाचे पापुद्रे हाताला येतात. दोन्ही बाजूंस सिलिकॉन असलेल्या कापडाला हा रोग होत नाही. भिलाईतील खरेदीदाराने डेनियरच्या आधी लेपाची चौकशी करावी, हे या कारणाने योग्य ठरते.

तळ असावा की नसावा

या क्षेत्रातील सर्वांत जुना आणि सर्वांत तीव्र मतभेद तळाविषयी आहे. तळ नको म्हणणाऱ्यांचे प्रतिपादन असे की चिखलाचे बूट आत आणता येतात, ओले सामान कोपऱ्यात टाकता येते, जमीन उंचसखल असली तरी बिघडत नाही आणि तीन-चारशे ग्रॅम वजन वाचते. थंड, कोरड्या, कीटकविरहित प्रदेशात हे म्हणणे पूर्णपणे खरे आहे. तळ हवा म्हणणारे त्याच्या जोडीला जाळीचा आतला तंबू सुचवतात, ज्याच्या खालच्या कडा वाटीसारख्या दहा-पंधरा सेंटीमीटर वर वळवलेल्या असतात. त्यामुळे वाहते पाणी, डास आणि सरपटणारे जीव यांना एकाच वेळी अटकाव होतो आणि झोपणाऱ्याचा वरच्या ओल्या कापडाशी स्पर्शही होत नाही.

छत्तीसगढमध्ये हा वाद केवळ सोयीचा राहत नाही. मण्यार हा साप, ज्याला स्थानिक बोलीत करैत म्हणतात, रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचा दंश पुष्कळदा वेदनारहित असल्याने झोपेतला माणूस उपचाराला उशिरा पोहोचतो. नेपाळच्या आग्नेय भागात झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणे हे सर्पदंशापासून संरक्षण देत असल्याचे दिसून आले, आणि हा निष्कर्ष मण्यारीच्या साऱ्या प्रदेशाला लागू करण्यास हरकत दिसत नाही. दुसरे कारण हिवतापाचे. बस्तर विभागातील मलेरियाचा भार एवढा होता की राज्य शासनाला २०२० च्या जानेवारीत ‘मलेरियामुक्त बस्तर’ अभियान हाती घ्यावे लागले. सालवनातील झाडांवरच्या लाल मुंग्या, ज्यांची चापडा चटणी बस्तरच्या बाजारात विकली जाते, आणि जमिनीवर एका रात्रीत सुती चादर कुरतडणारी वाळवी यांची गणना मग गौण त्रासांत करावी लागते.

या पार्श्वभूमीवर तळविरहित पिरॅमिडचे समर्थक दोन तोडगे सुचवतात. पहिला म्हणजे स्लीपिंग बॅगवर चढवण्याची, तोंडाशी जाळी असलेली हलकी पिशवी, जी बिव्ही या नावाने ओळखली जाते. ती दोनशे ग्रॅमच्या आसपास असते, पण उकाड्यात घाम आणते आणि आत बसण्याची सोय देत नाही. दुसरा तोडगा देशी आहे : शिखराच्या आतल्या कडीला साधी एकदोरी मच्छरदाणी टांगायची आणि तिची कड प्लास्टिकच्या जाड अंथरीखाली चोहोबाजूंनी नीट खोचायची. खर्चाच्या दृष्टीने याला तोड नाही. खोचण्यात हयगय झाली तर मात्र मच्छरदाणी असूनही नसल्यासारखीच. वजनाचा हिशेब एकत्र मांडला तर छत, शिखराचे व कोपऱ्यांचे दुहेरी कापड, चेन आणि दोऱ्या मिळून सुमारे सहाशे ग्रॅम, आठ मेखा शंभर ग्रॅम आणि जाळीचा तळासहित तंबू चारशे ग्रॅम, अशी बेरीज ११०० ग्रॅमपर्यंत जाते. दोन माणसांच्या साध्या घुमटाकार तंबूचे वजन दोन किलोच्या पुढे असते, त्यामुळे तळ घेऊनही जवळजवळ निम्मी बचत शिल्लक राहते. छत कितीही हलके करावे, तळ मात्र सोडू नये, हाच मध्य भारतापुरता या वादाचा समंजस निकाल म्हणावा लागेल.

बाष्प आणि दव

एकेरी कापडाच्या तंबूविषयी ‘गळतो’ अशी जी तक्रार ऐकू येते ती बऱ्याचदा चुकीच्या निदानावर आधारलेली असते. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात सुमारे पाव लिटर पाणी बाहेर टाकतो. बाहेरचे आकाश निरभ्र असेल तर तंबूचे कापड आपली उष्णता आकाशाकडे सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि त्यावर आतून-बाहेरून दव धरते. डिसेंबर-जानेवारीत चिल्फीकडच्या पठारावर किंवा सरगुजातील मैनपाटवर, जेथे काही पहाटे गवतावर हिमकण दिसतात, हे दव एवढे जमते की कापडाला धक्का लागताच आत शिंतोडे उडतात.

यावरचे उपाय सर्वमान्य आहेत, त्यांच्या क्रमाबाबत मात्र एकमत नाही. काही जण शिखराजवळच्या झरोक्याला महत्त्व देतात, काही खालची कड जमिनीपासून दहा सेंटीमीटर उचलून ठेवण्याला, तर काही दार अर्धे उघडे ठेवण्याला. झरोका एकटा फारसे काही साधत नाही, कारण खालून हवा आत आल्याशिवाय वरून बाहेर जात नाही. जागेची निवड या तिन्हींपेक्षा परिणामकारक ठरते : झाडाच्या पानोऱ्याखाली कापड आकाशाकडे कमी उष्णता सोडते, आणि नाल्याच्या काठापेक्षा पंधरा-वीस फूट वरच्या सपाटीवर थंड, दमट हवा कमी साचते.

एक खांब की दोन

मधला खांब झोपण्याच्या जागेचे दोन तुकडे करतो आणि दाराच्या वाटेत येतो, हा पिरॅमिडवरचा जुना आक्षेप आहे. त्याला उत्तर म्हणून दोन काठ्या उलटसुलट कोपऱ्यांकडे सरकवून उभारण्याचे आकार पुढे आले, ज्यांत कॅनडाच्या डॅन डर्स्टन यांचा ‘एक्स-मिड’ सर्वाधिक गाजला. त्यात दोन दारे आणि मोकळा मध्यभाग मिळतो. एकखांबी तंबूच्या बाजूने असे म्हणता येते की त्याला एकच काठी लागते, आणि आतून काठीची लांबी सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर वाढवली की सैल पडलेले छत पांघरुणाबाहेर न जाता पुन्हा ताठ होते.

भिलाईकडच्या अनेक पदयात्रींजवळ घडीची काठी नसतेच, असते ती बांबूची. पाच फुटी लाठी म्हणजे सुमारे १५२ सेंटीमीटर, आणि मोठ्या पिरॅमिडला जी उंची लागते ती बहुतेक घडीच्या काठ्यांच्या १३०-१३५ सेंटीमीटरच्या मर्यादेत बसत नाही. त्यासाठी पाश्चात्त्य विक्रेते जोडनळी विकतात किंवा दोन काठ्या पट्ट्याने बांधायला सांगतात. आठवडी बाजारातली लाठी घेतली की हा प्रश्नच उद्भवत नाही. जंगलात गेल्यावर बांबू तोडून घेऊ, हा विचार मात्र सोडावा, कारण २०१७ च्या दुरुस्तीने बांबूला वृक्षाच्या व्याख्येतून वगळले ते वनक्षेत्राबाहेरच्या बांबूपुरते, आणि वनक्षेत्रात विनापरवाना तोड हा आजही गुन्हाच आहे.

उभारणी

उभारणीच्या पद्धतींत वरवर दिसणारे भेद पुष्कळ असले तरी यशाचे गमक एकच आहे : तळ खरोखर चौरस असला पाहिजे. चारही बाजू सारख्या असून कर्ण असमान राहिले तर तळ समभुज चौकोनासारखा तिरका होतो आणि समोरासमोरच्या दोन बाजूंवर कितीही ओढले तरी न जाणाऱ्या सुरकुत्या पडतात. २७० सेंटीमीटरच्या तळाचा कर्ण ३८२ सेंटीमीटर येतो. एका न ताणणाऱ्या दोरीला या दोन अंतरांवर गाठी मारून ती मेखांच्या थैलीत ठेवली, तर अंधारातही चार मेखांच्या जागा मिनिटभरात नक्की करता येतात.

प्रथम दाराची चेन तळापर्यंत पूर्ण बंद करावी, कारण उघड्या दाराने ताणलेला तंबू नंतर चेन लागू देत नाही आणि जोर केल्यास चेनचे दात उघडतात. वाऱ्याच्या बाजूच्या दोन मेखा आधी ठोकून मग समोरच्या दोन ठोकाव्यात, आणि प्रत्येक कोपऱ्याची दोरी दोन्ही कडांशी समान कोन करील अशी, म्हणजे कर्णाच्या रेषेत, बाहेर ओढावी. या टप्प्यावर कापड ताठ असू नये; खांब उभा राहिल्यावर कोपरे आत खेचले जातात, तेवढी सैली ठेवावी. नंतर दार थोडे उघडून काठी शिखराच्या आतल्या जाड कापडाच्या टोपीत बसवावी आणि हळूहळू उभी करावी. काठीचे टोक वर की मूठ वर, यावर उत्पादकांत एकवाक्यता नाही. टोपी धातूच्या कडीची असेल तर टोक वर, कापडी असेल तर मूठ वर, हे व्यवहारात पुरते. काठीच्या खालच्या टोकाखाली चपटा दगड ठेवला नाही तर मऊ जमिनीत ती रात्रभर खचत राहते. शेवटी कोपरे आळीपाळीने, समोरासमोरच्या जोडीने ताणावेत, बाजूंच्या मध्यावरच्या मेखा माराव्यात, आणि वारा असेल तर बाजूंच्या मध्यभागी असलेल्या फाशांना तणावे, म्हणजे तंबूच्या ताणदोऱ्या, बांधाव्यात.

मेखांचा प्रश्न छत्तीसगढच्या मातीत विशेष रंजक होतो. येथील शेतकरी जमिनीचे भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार असे चार प्रकार करतो, आणि तंबूवाल्यालाही हीच विभागणी उपयोगी पडते. भाटा म्हणजे उंचवट्यावरची लाल मुरमाड जमीन. तिच्यात रुंद पात्याची मेख शिरत नाही, खिळ्यासारखी बारीक मेखच लागते. मटासी ही पिवळसर, रेताड पोयट्याची आणि डोरसा ही मटासी व कन्हारच्या मधली. या दोन्हींत कोणतीही मेख चालते. कन्हार म्हणजे काळी चिकण माती, जी ओली असताना मेख धरत नाही आणि वाळल्यावर भेगाळते, म्हणून तेथे वीस सेंटीमीटर लांबीच्या, इंग्रजी वाय अक्षराच्या छेदाच्या मेखा वापरून त्या भेगांपासून वीतभर दूर ठोकाव्यात. शिवनाथ किंवा इंद्रावतीच्या वाळूत मेखच निरुपयोगी ठरते. तेथे कापडी पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून, ती फूटभर खोल आडवी पुरणे हाच मार्ग उरतो. पोलादनगरीत सहा इंची खिळा कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. सहा मिलिमीटर जाडीचा असा एक खिळा सुमारे ३३ ग्रॅम भरतो, म्हणजे आठ खिळ्यांचे अडीचशे ग्रॅमहून अधिक होतात, तर टायटॅनियमच्या बारीक मेखा त्याच्या चौथाईत बसतात. भाट्यावर दोन्ही सारख्याच कामी येतात, त्यामुळे येथे वजनासाठी किती पैसे मोजायचे हा ज्याच्या-त्याच्या खिशाचा प्रश्न आहे.

मोहाच्या झाडाखाली तंबू मारू नये, हा नियम स्थानिकांकडून ऐकायला मिळतो आणि त्यामागे ठोस कारणे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये फुले वेचण्यासाठी गावकरी झाडाखालचा पाला जाळतात, त्याची ठिणगी सिलिकॉनच्या पातळ कापडाला क्षणात भोक पाडते, आणि फुलांच्या वासाने पहाटे अस्वल तेथे येते.

अनिर्णित राहिलेले मुद्दे

कापडाचे आयुष्य हा अजून उघडा असलेला प्रश्न आहे. उत्पादक जे आकडे देतात ते नव्या कापडाचे असतात. वर्षातून वीस-तीस दिवस मध्य भारतातील उन्हात उभ्या राहणाऱ्या पातळ पॉलिस्टरचे पाच वर्षांनंतर काय होते, हे वापरणाऱ्यांच्या अनुभवातूनच ठरणार आहे. दुसरा प्रश्न घरगुती शिवणकामाचा. सुपेला किंवा पॉवर हाऊसच्या बाजारातल्या शिंप्याकडून पिरॅमिड शिवून घेणे शक्य आहे, चार त्रिकोणांचा साचा सोपा आहे. परंतु कडांना जो हलका अंतर्वक्र काट द्यावा लागतो, ज्यामुळे ताण समान वाटला जाऊन कापड फडफडत नाही, तो सरळ रेषेत कापण्याची सवय असलेल्या हाताला पटवून द्यावा लागतो, आणि सिलिकॉन-लेपित कापड स्थानिक बाजारात सहज मिळत नाही. तिसरा मुद्दा हिमालय आणि बस्तर यांना एकच तंबू पुरेल का, हा. सुटा होणारा जाळीचा तळ असलेला पिरॅमिड सैद्धांतिकदृष्ट्या दोन्हीकडे चालतो, कारण बर्फात तळ घरी ठेवता येतो; जाळीतून येणारा गार वारा सोसायचा की कापडी बाजूंचा वेगळा आतला तंबू घ्यायचा, याबाबत मात्र अनुभवी मंडळींतही दोन तट आहेत.

तूर्त भिलाईतून पहिल्यांदा असा तंबू घेणाऱ्याने सिलिकॉन-लेपित पॉलिस्टरचे, २७० सेंटीमीटरच्या आसपास तळाचे छत, सुटा जाळीचा तळ आणि दोन प्रकारच्या मेखा घ्याव्यात, आणि सेक्टरच्या मैदानावर दोन-तीनदा उभा करून पाहिल्यावरच गाडीत बसावे. कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान, भोरमदेव आणि अचानकमार येथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीवाचून प्रवेश आणि मुक्काम करता येत नाही. तेव्हा तंबूची जागा निवडण्यापूर्वी संबंधित वनाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी, आणि राखीव क्षेत्राबाहेरही गावच्या सरपंचाला व रेंजरला मुक्कामाची कल्पना देऊन ठेवावी.